डबलवाइड घेतोय: एनर्जी पॅकेजला वरचे पैसे द्यावेत का?

माळरान (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नॉर्थ कॅरोलिनात, रॅलेपासून तासाभरावर थोडी जागा घेतली आहे. तिथे घर बांधून घ्यायचे भाव विचारले आणि नवऱ्याने दोन दिवस तो विषयच काढला नाही. म्हणून आता मॅन्युफॅक्चर्ड होम बघतोय. फॅक्टरीत बांधतात, दोन तुकड्यांत ट्रकवरून येतं आणि जागेवर जोडतात. इथे सगळे त्याला डबलवाइडच म्हणतात. आमचं २८ बाय ५६ फुटांचं आहे.

डीलरने एक ‘एनर्जी पॅकेज’ पुढे केलंय, ३,८०० डॉलर. त्यात छत, भिंत आणि जमीन तिन्हीकडे जास्त इन्सुलेशन, शिवाय चांगल्या खिडक्या. हीट पंपाचे (एकच यंत्र, उन्हाळ्यात एसी आणि थंडीत हीटर) पैसे वेगळे. वर तोच म्हणतो, “नाही घेतलंत तरी घर कोडमध्ये बसतंच.”

कुठला कोड ते शोधायला गेले तर डोकं भंजाळलं. एक हडचा कोड आहे, एक ऊर्जा खात्याचा नियम आहे, तो २०२२ ला आला म्हणतात पण लागू नाही म्हणतात. मग ‘कोडमध्ये बसतं’ याला किंमत किती द्यायची? आणि ३,८०० घालावेत की नाही? अशा घरात राहिलेलं किंवा त्यातलं काम केलेलं कुणी आहे का इथे?

बटाटेवडा

घर ट्रकवरून येणार म्हणजे वास्तुशांत टोलनाक्यावर करायची का? (ह. घ्या. वाचतोय.)

एल्कहार्टकर

माळरान, योग्य ठिकाणी विचारलंत. मी इंडियानात एल्कहार्टला याच धंद्यात क्वालिटीमध्ये बरीच वर्षं काढली. आता दुसरीकडे आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

आधी कोडचं. भारतात जसा नगरपालिकेचा नियम तसा इथे साध्या घराला राज्याचा किंवा काउंटीचा बिल्डिंग कोड. मॅन्युफॅक्चर्ड होमला तो लागत नाही. त्याला अख्ख्या देशात एकच केंद्रीय कोड, हडचा, म्हणजे गृहनिर्माण खात्याचा. कायदा १९७४ चा, अंमल १५ जून १९७६ पासून. त्यात देशाचे तीन थर्मल झोन पाडलेत आणि अख्ख्या घराच्या बाह्य कवचातून सरासरी किती उष्णता जाऊ द्यायची याची मर्यादा दिली आहे. त्याला यू-ओ म्हणतात. झोन १ म्हणजे दक्षिणेकडची गरम राज्यं, मर्यादा ०.११६. झोन २ मध्ये तुमचं नॉर्थ कॅरोलिना, ०.०९६. उत्तरेकडचा झोन ३, तिथे ०.०७९. आकडा जितका लहान तितकं घर चांगलं.

आता मेख. हे आकडे १९९४ पासून तेच आहेत. डीलर खोटं बोलत नाहीये, घर कोडमध्ये बसतं. कोडमधला आकडाच तीस वर्षांचा आहे.

माळरान

बाप रे. तीस वर्षं कुणी हात लावला नाही?

एल्कहार्टकर

लावायचा प्रयत्न झाला, तीच तर गंमत आहे. २००७ च्या ऊर्जा कायद्यात काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, ऊर्जा खात्याला, म्हणजे डीओईला सांगितलं की या घरांसाठी नवीन मानकं करा, चार वर्षांत करा. म्हणजे २०११ अखेर. २०१६ ला मसुदा आला आणि बारगळला. २०१७ ला सिएरा क्लब या पर्यावरणवादी संस्थेने कोर्टात ओढलं, तेव्हा कुठे तारखा ठरल्या. अंतिम नियम ३१ मे २०२२ ला प्रसिद्ध झाला. वर्षभरात लागू व्हायचा होता. २०२३ ला पुढे ढकलला: डबलवाइडसाठी १ जुलै २०२५, आणि सिंगलवाइडसाठी (एकाच तुकड्यात येणारं घर) ‘अंमलबजावणीची पद्धत ठरल्यावर ६० दिवसांनी’. ती पद्धत काही ठरली नाही. मग २०२५ च्या जुलैत डबलवाइडची तारीखही तशाच अटीला बांधून टाकली. थोडक्यात नियम पुस्तकात आहे, कारखान्यात नाही.

बटाटेवडा

२००७ चा कायदा, २०११ ची मुदत आणि अजून अंमल नाही. उगाच आपण आपल्या उड्डाणपुलांना नावं ठेवतो.

वझनदार

ढकलला ते बरंच झालं असं म्हणणारा मी या धाग्यावर एकटाच असेन, पण लिहितो.

ही घरं कोण घेतं ते बघा. पगारावर पगार, हातात डाउनपेमेंट जेमतेम. अशा माणसाच्या घरात चार हजारांची भर घातली तर काही जण कर्जाच्या पात्रतेतूनच बाहेर पडतात. त्यांना ‘कार्यक्षम घर’ मिळत नाही, घरच मिळत नाही. मग ते १९७५ च्या गळक्या ट्रेलरमध्येच राहतात. त्याने कुठली ऊर्जा वाचली? उद्योगाची संघटना २०२३ ला टेक्सासच्या फेडरल कोर्टात गेली ती याच मुद्द्यावर: डीओईने खर्च कमी धरला आणि परवडण्याचा विचार केला नाही. शिवाय एकाच घराला हडचा वेगळा आणि डीओईचा वेगळा, असे दोन मालक कशाला?

ज्याला हवं त्याने पॅकेज घ्यावं. माळरानताईंना डीलरने पर्याय दिलाय ना? झालं तर.

ताम्हण

वझनदार, पर्याय माळरानला आहे कारण ती नवीन घर घेतेय आणि धागा काढून विचारतेय. मी केंटकीत वेदरायझेशनचं काम करते. कमी उत्पन्नाच्या लोकांची घरं सरकारी पैशाने थंडीला तोंड देण्याजोगी करून द्यायची, ही योजना १९७६ पासून चालू आहे. आमच्या यादीत अशी घरं भरपूर असतात. त्यातल्या कुणी इन्सुलेशन निवडलेलं नसतं. पहिल्या मालकाने स्वस्त घेतलं, दहा वर्षांनी विकलं, दुसऱ्याने भाड्याने दिलं. बिल भरतो तो तिसराच.

आणि घराच्या खाली काय असतं ते सांगते, कारण ब्रोशरमध्ये ते दिसत नाही. जमिनीच्या खाली लोखंडी चॅसिस, त्यावर लाकडी जोइस्ट म्हणजे आडव्या तुळया, जोइस्टच्या खालून इन्सुलेशनची गादी आणि त्या सगळ्याला खालून काळं जाड कापड, बेली बोर्ड. गरम हवेचे डक्ट याच पोटात. कधीतरी पाइप गळतो. प्लंबर येतो, पोट फाडतो, पाइप जोडतो आणि निघून जातो. फाडलेलं कोण शिवणार? मग तिथून गादी लोंबते, उंदीर शिरतात, रॅकून शिरतात.

गेल्या हिवाळ्यातलं एक घर. दोन भागांना जोडणारा मोठा लवचिक डक्ट खालून असतो, क्रॉसओव्हर म्हणतात. तो एका टोकाला सुटून जमिनीवर पडला होता. फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, सगळी ताकद लावून गरम हवा घराखाली ओततोय. त्या तोंडाशी चार मांजरं पाय ताणून झोपलेली, आणि वर सत्तरीची बाई दोन स्वेटर घालून बसलेली. बिल आलं की ती म्हणायची, वीज कंपनी चोर आहे.

कोकणी_काजू

मांजरांचा आयडी मिळेल का? त्यांना इथे सदस्य करून घेऊ. :)

बाकी ताम्हण, प्रतिसाद आवडला.

वझनदार

ताम्हण, तुमचं उदाहरण बोलकं आहे पण ते माझ्याच बाजूचं आहे. सुटलेला डक्ट देखभालीचा प्रश्न. नवीन मानकाने तो जोडला जात नाही.

एल्कहार्टकर

अर्धं बरोबर. डक्ट हा नवीन नियमातला कळीचा भाग आहे. २०२२ च्या नियमात डक्टची एकूण गळती मर्यादेत ठेवायची अट आहे: दर १०० चौरस फुटांमागे मिनिटाला ४ घनफुटांपेक्षा जास्त हवा गळता कामा नये. हडच्या जुन्या कोडात डक्ट ‘घट्ट’ असावा असं आहे, पण इतका कडक आकडा नाही. व्यवहारात काय फरक पडतो सांगतो. जमिनीतल्या जाळीखाली डक्टला जो पत्र्याचा बूट जोडतात तिथे टेप मारली तर काही वर्षांत सुकून निघते. मॅस्टिक, म्हणजे तो राखाडी लगदा, ब्रशने फासला तर टिकतो. मॅस्टिकला खर्च फारसा नाही, वेळ लागतो. आणि लाइनवर घर पुढे सरकत असतं, मागे दुसरं उभं असतं. आकडा तपासणार असतील तर माणूस लगदा फासतो. नाहीतर टेप हाताशी असतेच.

क्रॉसओव्हर मात्र फॅक्टरीत जोडलेला नसतो. तो जागेवर सेटअपवाली माणसं जोडतात. उत्तम घरसुद्धा तिथे मार खातं. माळरान, हे लक्षात ठेवा.

गणिती_आजोबा

मी डोंबिवलीत बसून वाचतो आहे. मुलगी ओहायोत आहे एवढाच संबंध. पण आकडे दिसले की हात शिवशिवतात.

धागाकर्तीचे घर २८ x ५६. जमीन १,५६८ चौ. फूट, छत तेवढेच, भिंती १६८ फूट परिघ x ८ फूट = १,३४४. एकूण कवच ४,४८० चौ. फूट. बाहेर ३० फॅरनहाइट, आत ७०, म्हणजे फरक ४० अंश.

झोन २ चे घर: ४,४८० x ०.०९६ x ४० = ताशी सुमारे १७,२०० बीटीयू (उष्णता मोजायचे एकक). विजेच्या भाषेत ५ किलोवॉट.

झोन ३ चे घर: ०.०७९ धरून सुमारे १४,१५० बीटीयू. ४.१५ किलोवॉट.

म्हणजे जाड इन्सुलेशनने वाचले सुमारे ०.९ किलोवॉट. फटीतून आणि डक्टमधून जाणारी हवा यात धरलेली नाही, ती वेगळी.

आता दुसरा हिशेब. मूळ घरात साधी इलेक्ट्रिक फर्नेस असेल तर ती विजेच्या शेगडीसारखी, ५ किलोवॉट उष्णतेला ५ किलोवॉट वीज. त्याऐवजी हीट पंप लावला आणि तो एका युनिटमागे अडीच युनिट उष्णता देतो असे धरले, तर तेच काम २ किलोवॉटमध्ये. वाचले ३ किलोवॉट! माळरान, तुमच्या डीलरने हीट पंपाचे पैसे वेगळे सांगितले म्हणता. आधी ते विचारा.

माळरान

आजोबा, दंडवत. मी पॅकेजवरच अडकून बसले होते. कोटेशन पुन्हा उघडलं. त्यात लिहिलंय ‘इलेक्ट्रिक फर्नेस, स्टँडर्ड’. एसी डीलर नंतर बाहेरून बसवणार.

एल्कहार्टकर

दक्षिणेत हे सर्रास चालतं. फर्नेस फॅक्टरीतून, एसी जागेवर. तुम्ही एसीचे पैसे तसेही देणारच आहात. तिथे एसीऐवजी हीट पंप मागा. फरक तेवढाच द्यायचा, पूर्ण मशीनचा नाही. २०२२ चा नियम उद्या लागू झाला तरी त्यात हीट पंपाची सक्ती नाही बरं का. त्यात कवच, डक्ट, थर्मोस्टॅट, गरम पाण्याचे पाइप वगैरे आहे. यंत्र कुठलं बसवायचं ते ग्राहकावर आणि डीलरवर.

एमएस_ची_वर्षे

वझनदार यांच्या ‘ज्याला हवं त्याने घ्यावं’वर.

एमएस करताना टेक्सासमध्ये आम्ही चार पोरं एका पार्कात, म्हणजे अशाच घरांच्या वसाहतीत, सिंगलवाइडमध्ये राहायचो. भाडं स्वस्त म्हणून उड्या मारत गेलो. ऑगस्टच्या बिलाने सगळी स्वस्ताई खाल्ली. खिडकीला आतून अॅल्युमिनियम फॉइल लावलं होतं, बाहेरून येणारे विचारायचे की आत काय पिकवताय. मालकाला सांगितलं तर म्हणाला, बिल तुमचं आहे ना? तो त्याच्या जागी बरोबरच होता. खिडकी बदलली तर खर्च त्याचा, बचत आमची. तो का बदलेल? बाजार वगैरे सगळं ठीक आहे पण बाजारात जो पैसे मोजतो आणि ज्याला घाम येतो ते दोघं वेगळे असतील तर काय?

वझनदार

हा मुद्दा मान्य. भाड्याच्या घरांना वेगळा नियम करा, माझी हरकत नाही. स्वतः घेणाऱ्याच्या गळ्यात कशाला?

ताम्हण

घर फॅक्टरीतून निघतं तेव्हा त्याच्या कपाळावर ‘भाड्याचं’ असं लिहिलेलं नसतं हो.

बटाटेवडा

+१. पॉपकॉर्न संपले, लाह्या आणतो.

पिंपळपान

थोडं अवांतर. मी पुण्यात आर्किटेक्ट आहे. आपल्याकडे घरांसाठी इको-निवास संहिता २०१८ मध्ये आली. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा, दर चौरस मीटरला १५ वॉट, आणि छताला वेगळी यू-व्हॅल्यू (किती उष्णता आरपार जाते त्याचा आकडा). कागदावर छान आहे. पण मुळशी-पानशेतकडे हल्ली जी कंटेनर फार्महाऊसं उभी राहतात त्यांना कोण विचारतं? मागच्या एप्रिलमध्ये एकात बैठक होती. बाहेर आंब्याखाली खुर्च्या टाकून मीटिंग उरकली. पत्र्याच्या आत जेमतेम थर्माकोल, वर पीओपी, आणि दीड टनाचा एसी धापा टाकतोय.

अमेरिकेत निदान तीस वर्षांपूर्वीचा आकडा तरी आहे आणि फॅक्टरीत तपासणीस आहे. भांडायला काहीतरी आहे.

कोकणी_काजू

पिंपळपान, सोलापूरकडच्या माळवदाखाली मे महिन्यात झोपून बघा. कुठली यू-व्हॅल्यू न् काय, दुपारी पांघरूण घ्यावंसं वाटतं.

पिंपळपान

सहमत, पण ते माळवद ट्रकवर चढवून दाखवा. :) या घरांची खरी अडचण तीच आहे ना? वजन आणि उंची.

एल्कहार्टकर

अगदी. पुलाखालून जायचं असतं, म्हणून छप्पर उंच करता येत नाही. ट्रस, म्हणजे छताचा लाकडी सांगाडा, कडेला इतका उथळ असतो की फवारलेलं इन्सुलेशन तिथे पुरेसं मावत नाही. मधे फूटभर, कडेला मूठभर. छताला ‘आर-३८’ म्हणाले (आर म्हणजे उष्णता अडवायची ताकद, मोठा आकडा चांगला) तरी भिंतीजवळच्या पट्ट्यात तेवढं नसतं. एखाद्या घराच्या छतावर हिवाळ्यात सकाळी बर्फ बघा, कडेचा आधी वितळतो.

फ्लोरिडातला_फणस

दक्षिणेतल्या माणसाने बोलायलाच हवं म्हणून लॉगिन केलं. वर सगळे थंडीचं बोलताय. नॉर्थ कॅरोलिनात उन्हाळा चिकट असतो आणि तिथे प्रश्न दमटपणाचा आहे.

आमच्या ओळखीतल्या एका घरात भिंतीच्या विनाइल कागदामागे गुलाबी-काळे डाग आले. दर उन्हाळ्यात पुसायचे, परत यायचे. शेवटी ज्याने शोधलं त्याने डाग बघितलेच नाहीत, आधी डक्ट तपासले. फ्लोरिडा सोलर एनर्जी सेंटरच्या लोकांनी या भागातल्या अशा घरांवर पूर्वी काम केलंय, त्यात हेच निघालं होतं. डक्टमधून थंड हवा घराबाहेर गळते. मग आतला दाब कमी होतो आणि बाहेरची दमट हवा फटीफटीतून आत ओढली जाते. ती थंड भिंतीच्या मागे पोचते, विनाइलमुळे आत येऊन सुकू शकत नाही, आणि बुरशी धरते. त्यात घरचे लोक थर्मोस्टॅट ६८ फॅरनहाइटवर ठेवणारे.

तेव्हा डक्टची गळती हा फक्त बिलाचा विषय नाही. आणि एसी गरजेपेक्षा मोठा बसवू देऊ नका. डीलर ‘मोठा बरा’ म्हणेल. मोठा एसी खोली पटकन थंड करून बंद पडतो, ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही.

ताम्हण

+१००. आणि घराखालच्या मातीवर प्लास्टिक. ६ मिल जाडीचं पॉलिथिन अंथरायचं असा सेटअपच्या केंद्रीय मानकातच नियम आहे. तरी अंथरलेलं आहे का ते स्वतः वाकून बघा, स्कर्टिंग (घराखालची मोकळी जागा बाजूने झाकणारे पडदे) लावायच्या आधी. नंतर कोण वाकतंय.

माळरान

खूप उपयोगी. सगळं वहीत उतरवतेय. वझनदारांचं कर्जाचं म्हणणं मात्र मनातून जात नाहीये. आमचंही कर्जच असणार. चार हजार कर्जात घातले तर बचत हप्त्यातच जाणार का?

गणिती_आजोबा

छान प्रश्न. मला वाटते सगळ्या भांडणाची गाठ इथेच आहे.

२०२२ मध्ये नियम आणताना डीओईने स्वतःचा अंदाज दिला होता. वार्षिक सरासरी बचत सिंगलवाइडला १७७ डॉलर, डबलवाइडला ४७५. वरखर्च डबलवाइडला सुमारे चार हजार, सिंगलला हजाराच्या आत.

आता डबलवाइडचे चार हजार कर्जातून घ्या.

तऱ्हा एक: घर स्थावर मालमत्ता म्हणून, जमिनीसकट साधे गृहकर्ज. ७ टक्के, ३० वर्षे धरू. या चार हजारांचा हप्ता महिना २६.६ डॉलर, वर्षाला ३१९. बचत ४७५. दरवर्षी दीडशे खिशात.

तऱ्हा दोन: घर जंगम मालमत्ता म्हणून, गाडीसारखे कर्ज. ९ टक्के, २० वर्षे धरू. हप्ता महिना ३६, वर्षाला ४३२. बचत तीच ४७५. उरले ४३. व्याज आणखी वाढले की तेही नाहीत.

घर तेच, कापूस तोच. वझनदार म्हणतात ते दुसऱ्या तऱ्हेच्या माणसाला लागू पडते आणि ताम्हण म्हणतात ते सगळ्यांनाच. पण सिंगलवाइडकडे बघा: हजाराच्या आत खर्च आणि वर्षाला १७७. कुठल्याही व्याजाने परवडते. सर्वांत गरीब माणूस ज्या घरात राहतो त्याचा नियम सर्वांत स्वस्त आहे, आणि नेमका तोच पहिल्यापासून ‘अंमलबजावणीची पद्धत ठरल्यावर’च्या खुंटीला टांगलेला आहे.

एल्कहार्टकर

आजोबा, सलाम. यात एक भर. २०२१ च्या मसुद्यात घराच्या किमतीवरून दोन गट पाडायचे होते, ५५,००० डॉलरच्या खालच्यांना सौम्य नियम. पण किंमत रोज बदलते, त्यावर डिझाइन कसं ठरवणार? म्हणून शेवटी सिंगल आणि मल्टि-सेक्शन (डबलवाइड आणि त्याहून मोठी) असे गट झाले. म्हणजे परवडण्याचा विचार झालाच नव्हता असं नाही.

वझनदार

आजोबांचं गणित मान्य. मग रोग व्याजदरात आहे. कर्ज सुधारा, इन्सुलेशन आपोआप विकलं जाईल.

ताम्हण

दोन्ही करा की. कुणी अडवलंय?

बटाटेवडा

ब्रेकिंग न्यूज: या धाग्यावर वझनदार एकाच दिवशी दोनदा ‘मान्य’ म्हणाले. स्क्रीनशॉट घेतलाय.

ओरेगावकर

उशिरा आलो. आमच्या वायव्य भागात हे सक्तीशिवाय झालंय, तेही सांगतो. इथे १९९२ च्या सुमारास वीज कंपन्यांनी आणि बॉनव्हिल पॉवर या केंद्र सरकारच्या वीज संस्थेने मिळून थेट कारखानदारांना घरामागे पैसे दिले, अट एकच, घर चांगलं बांधा. नवीन वीजनिर्मिती उभी करण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. काही वर्षं इथले सगळे कारखाने तशीच घरं बांधत होते. पैसे थांबले तरी त्यांची लाइन बदललेली राहिली, त्यातून पुढचा प्रमाणपत्राचा कार्यक्रम अजून चालतो. आमच्या शेजारच्या पार्कात त्या काळातली घरं आहेत, चांगली आहेत.

वझनदारांना आवडेल असं मॉडेल आहे हे. फक्त पैसे कुणीतरी द्यावे लागतात.

एल्कहार्टकर

तसंच काहीसं केंद्राच्या करसवलतीत आहे. कलम ४५-एल. एनर्जी स्टार (कमी ऊर्जा खाणाऱ्या घरांचं सरकारी प्रमाणपत्र) मिळालेल्या मॅन्युफॅक्चर्ड घराला २,५०० डॉलर, त्याहून कडक ‘झिरो एनर्जी रेडी’ असेल तर ५,०००. पण हे पैसे ग्राहकाला मिळत नाहीत, बांधणाऱ्याला मिळतात. आणि २०२५ च्या नव्या कायद्याने ३० जून २०२६ नंतर घेतलेल्या घरांना ती सवलत बंद.

माळरान, डीलरला सरळ विचारा: हे घर एनर्जी स्टारचं प्रमाणपत्र घेऊन येणार का? येणार असेल आणि घर त्या तारखेच्या आत घेतलं जाणार असेल तर कारखान्याला अडीच हजार मिळणारच आहेत, मग माझ्याकडून ३,८०० कशाचे? यावर डीलर जरा खोकतो. खोकू द्यावं.

माळरान

हे भारी आहे! उद्याच जाते.

संपादक

धाग्यावर अध्यक्षांविषयी आलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. राजकारणासाठी वेगळा धागा आहे. इथे इन्सुलेशनवर तापा.

माळरान

अपडेट. मी आणि नवरा डीलरकडे जाऊन आलो. तो खोकला. :)

पॅकेजमध्ये ‘झोन ३’ असा शब्द कुठेच नव्हता, नुसतं ‘अपग्रेडेड’. मी म्हटलं, आम्हाला घर थर्मल झोन ३ चं हवं आणि डेटा प्लेटवर तसं छापून हवं. तेव्हा त्याने फॅक्टरीला फोन लावला. ते करून देतात, सरळ ऑर्डरच झोन ३ ची घालायची. पॅकेज म्हणून ३,८०० होते, त्याचे २,९०० झाले. एनर्जी स्टारचं मात्र ‘विचारून सांगतो’वरच आहे. हीट पंपाचा फरक एसीच्या किमतीवर १,४०० सांगितलाय. डेटा प्लेट म्हणजे काय हे मला इथल्याच खासगी निरोपात कळलं, तेव्हा नव्या वाचकांसाठी: तो एक कागद असतो, घराच्या आत, स्वयंपाकघरातल्या कपाटात किंवा बेडरूमच्या क्लोझेटमध्ये चिकटवलेला. त्यावर तीन नकाशे असतात, वाऱ्याचा, छतावरच्या भाराचा आणि थर्मल झोनचा. डिस्प्लेच्या घरात सिंकखालच्या कपाटाचं दार उघडून आम्ही तो वाचत बसलो होतो. सेल्समन म्हणाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघतोय कुणाला ते वाचताना.

दुसरं, कर्ज. जमीन आमचीच आहे, त्यामुळे घर पायावर कायमचं बसवून त्याचं मोटार खात्याकडचं टायटल रद्द करून घ्यायचं आणि स्थावर म्हणून नोंदवायचं. नॉर्थ कॅरोलिनात तशी सोय आहे. बँक साध्या गृहकर्जाला तयार आहे. म्हणजे आजोबांची तऱ्हा एक.

राहिला क्रॉसओव्हर. सेटअपवाल्यांवर लक्ष कसं ठेवायचं?

ताम्हण

मस्त काम केलंस गं! सेटअपच्या दिवशी रजा टाक आणि तिथे राहा. क्रॉसओव्हर जमिनीला टेकता कामा नये, पट्ट्यांनी चॅसिसला टांगलेला हवा. दोन्ही टोकांना क्लॅम्प आणि त्यावर मॅस्टिक, नुसती टेप दिसली तर थांबव. दोन भागांच्या जोडावर गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी) आहे का बघ. बेली बोर्डला वाहतुकीत भोकं पडतात, ती त्यांच्याकडूनच शिवून घे. मग ड्रायव्हरची सही व्हायच्या आत टॉर्च घेऊन एकदा स्वतः खाली जा. जुनी पँट घाल.

आणि स्वतंत्र माणूस बोलावून डक्ट ब्लास्टर टेस्ट (पंख्याने डक्टमध्ये दाब देऊन गळती मोजतात) करून घे. पैसे जातील, पण शेवटचा हप्ता देण्याआधी हातात आकडा असेल.

एल्कहार्टकर

तुमच्या १,५६८ चौरस फुटांना २०२२ च्या नियमाने मर्यादा होते मिनिटाला साधारण ६३ घनफूट. नियम लागू नसला तरी डीलरशी करारात हा आकडा लिहून घ्यायला तुम्हाला कुणी मनाई केलेली नाही.

वझनदार

हे मला पटलं. करारात लिहून घ्या. सक्ती नको, करार हवा.

बटाटेवडा

स्क्रीनशॉट क्रमांक तीन.

माळरान

६३. लिहून घेतलं. घर यायला अजून दोनेक महिने आहेत, टेस्ट झाली की आकडा इथेच टाकते. तोवर एक शंका: स्कर्टिंग विनाइलचं घ्यावं की सिमेंट बोर्डचं? डीलर विनाइल फुकट देतोय.

फ्लोरिडातला_फणस

फुकट देतोय तर घे, पण खाली जायला दार ठेवायला सांग. आणि ताम्हणची मांजरं तिथूनच येतील, तयारीत राहा.